बदली बाई आणि 'सब्स्टिट्यूट'

"बाई, सब्स्टिट्यूट म्हणजे डुप्लिकेट का हो?"

आठवी 'ब'चा माझा पहिलाच तास. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हा प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग खुसुखुसू हसायला लागला. पाचच मिनिटांपूर्वी मोठ्या बाई मला वर्गात आणून सोडून गेल्या होत्या. "नेहमीच्या बाई रजेवर आहेत. या सहा महिने सब्स्टिट्यूट टीचर म्हणून येतील. त्रास द्यायचा नाही," एवढीच माझी ओळख! नाव सांगायचे राहूनच गेले.

मैत्रिणींनो, खरे सांगते, मला क्षणभर राग आला. दोन मुलांचे डबे भरून, सासूबाईंच्या हाती कुकर सोपवून, धावतपळत मी शाळा गाठलेली आणि पहिल्याच तासाला 'डुप्लिकेट' ही पदवी! पण पोरीच्या चेहऱ्यावर खोडीचा मागमूस नव्हता. तिच्या वडिलांचे गाड्या दुरुस्तीचे दुकान आहे हे मला मागाहून कळले. तिथे ओरिजिनल आणि डुप्लिकेट असे दोनच प्रकार. जे ओरिजिनल नाही ते डुप्लिकेट!

मी म्हटले, "अगं, डुप्लिकेट म्हणजे मूळ वस्तू असताना तिच्यासारखी केलेली दुसरी वस्तू. कपाटाच्या किल्लीची डुप्लिकेट किल्ली असते ना, तशी. आणि सब्स्टिट्यूट म्हणजे मूळ वस्तू किंवा माणूस जागेवर नाही, म्हणून त्याच्या जागी आलेला दुसरा."

"म्हणजे स्टेपनी!" ती म्हणाली. आता मात्र मलाही हसू आवरेना.

(जाता जाता सांगते, ही 'स्टेपनी' मूळची एका रस्त्याच्या नावाची. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी नावाच्या रस्त्यावर १९०४ च्या सुमारास जादा चाक तयार करणारा कारखाना निघाला, आणि त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या प्रत्येक गाडीच्या डिकीत जाऊन बसले.)

त्या दिवसापासून हा शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच. लॅटिनमध्ये 'सब' म्हणजे खाली आणि 'स्टॅट्युएरे' म्हणजे उभे करणे. एकाच्या जागी दुसऱ्याला उभे करायचे, असा हा साधा शब्द. औषधाच्या दुकानात, पाकक्रियेच्या पुस्तकात, मुलांच्या बीजगणितात आपण तो रोज ऐकतो. पण वापरताना भल्याभल्यांची गाडी उलट्या दिशेने धावते.

दुसऱ्याच आठवड्यात मी वर्गाला एक वाक्य घातले. फळ्यावर इंग्रजीत लिहिले, 'सब्स्टिट्यूट जॅगरी फॉर शुगर', आणि विचारले, "लाडवात काय घालायचं?" अर्ध्याहून अधिक मुलांनी उत्तर दिले, "साखर!" 'गुळाऐवजी साखर' असा त्यांनी अर्थ लावला होता. बरोबर अर्थ नेमका उलटा आहे, साखरेऐवजी गूळ घाला.

चूक मुलांची नव्हे, आपल्या मायबोलीच्या सवयीची आहे. मराठीत जे बाहेर जाते त्याचे नाव आपण आधी घेतो आणि त्याला 'ऐवजी' जोडतो. 'साखरेऐवजी गूळ' म्हणताना साखर आधी बाहेर पडली, मग गूळ आत आला. इंग्रजीतले 'सब्स्टिट्यूट' आत येणाऱ्याचे नाव आधी घेते आणि बाहेर जाणारा 'फॉर'च्या नंतर येतो. आपले मन इंग्रजी शब्द मराठी क्रमाने वाचते आणि फसते. त्यातून 'रिप्लेस' हा त्याचा भाऊबंद अगदी आपल्यासारखा वागतो. 'रिप्लेस शुगर विथ जॅगरी' यात बाहेर जाणारी साखर आधी आणि येणारा गूळ मागून. दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, क्रम मात्र उलटसुलट. मी मुलांना एक खूण सांगितली: 'फॉर'च्या पुढे जो बसला, तो घराबाहेर गेला. ही खूण वर्गात इतकी चालली की डबा खाताना "फॉर पोळी" म्हणत एकमेकांच्या पोळ्या पळवायला लागली पोरे.

आता कुणी म्हणेल, हल्ली तर इंग्रजी बोलणारे लोकही 'सब्स्टिट्यूट शुगर विथ जॅगरी' असे बिनदिक्कत म्हणतात. म्हणतात खरे. फुटबॉलच्या बातमीत अमुक खेळाडू 'सब्स्टिट्यूट' झाला असे वाचले, तर तो मैदानात आला नाही, मैदानाबाहेर गेला असे समजायचे! म्हणूनच इंग्रजी कृती वाचताना नुसत्या शब्दावर विसंबू नये. कोणता जिन्नस आधीपासून यादीत आहे ते बघावे. जो यादीत आहे तोच बदलायचा असणार.

दिशा समजली तरी निम्मेच काम झाले, हे मी केकपासून शिकले. धाकट्याच्या वाढदिवसाला बेकिंग पावडर संपलेली. पुस्तकात शेवटी बारीक अक्षरात लिहिले होते की तिच्या जागी सोडा चालेल. मी दोन चमचे पावडरच्या जागी दोन चमचे सोडा घातला. केक असा फुगला की विचारू नका, आणि खाली बसला तोही तितक्याच वेगाने. चव तर साबणाची! पावडरमध्ये सोड्याबरोबर त्याला फुगवणारा आंबट घटक आधीच मिसळलेला असतो. नुसता सोडा त्याच्या तिप्पट-चौपट कडक. एक चहाचा चमचा पावडरीच्या जागी पाव चमचाच सोडा घ्यायचा आणि सोबत अर्धा कप आंबट ताक घालून तेवढेच दूध किंवा पाणी कमी करायचे, हे मला नंतर कळले. गुळाचेही तसेच. साखरेच्या जागी चालतो म्हणून उकळत्या दुधात टाकला की दूध नासलेच. खीर खाली उतरवून जरा निवली की मग गूळ घालायचा. जागा तीच असली तरी येणाऱ्याचा स्वभाव वेगळा असतो.

खरे म्हणजे ही विद्या आपल्या घरांत फार जुनी. उपवासाचे ताट आठवा. भाताच्या जागी वरी, वरणाच्या जागी दाण्याची आमटी, पोळीच्या जागी राजगिऱ्याचे थालीपीठ. पाहुण्याने लांबून पाहिले तर रोजचेच जेवण वाटावे! आणि देवघरात? देवाला वस्त्र नसेल तर कापसाचे वस्त्र, दागिना नसेल तर त्याप्रीत्यर्थ अक्षता. गणपतीची मूर्ती नसली तर सुपारी. दसऱ्याला तर आपण आपट्याचे पान हातात देऊन बेधडक 'सोने घ्या' म्हणतो. पण सुपारीला गणपती मानले म्हणून कुणी तिची वाजतगाजत मिरवणूक काढत नाही, आणि आपट्याचे पान सराफाकडे मोडायला नेत नाही. कुठवर चालवून घ्यायचे ते आपल्याला न शिकवता कळते.

बी. ए.ला मला संस्कृत होते. एका अक्षराच्या किंवा धातूच्या जागी दुसरे येते त्याला पाणिनीच्या व्याकरणात 'आदेश' म्हणतात, आणि ज्याच्या जागी येते तो 'स्थानी'. 'अस्ति'चे भविष्यकाळी रूप 'भविष्यति' होते ना? तिथे 'अस्'च्या जागी 'भू' येऊन बसला. आलेल्याला मूळच्यासारखेच वागवावे, मात्र मूळच्या वर्णावरच अवलंबून असलेले कार्य त्याला लावू नये, असा नियम आहे. तो समजावताना पतंजलींनी महाभाष्यात घरगुती दाखले दिले आहेत. उपाध्याय स्वतः यजमानाकडे जाऊ शकले नाहीत की शिष्य जातो, आणि पहिल्या आसनाचा मान त्यालाच मिळतो. गुरुपुत्राला गुरूसारखेच वागवावे. पण त्याचे उष्टे खाणे आणि पाय धरणे एवढे सोडून! कॉलेजात हे वाचताना आम्ही मैत्रिणी खूप हसलो होतो. आठवी 'ब'त उभी राहिल्यावर त्यातला शहाणपणा कळला. खुर्ची मला मिळाली, फळा मिळाला, "नमस्ते बाई" मिळाले. पण नेहमीच्या बाईंनी एका मुलाची फी स्वतः भरली होती, एकीच्या आईला घरी जाऊन समजावले होते. ते माझ्याकडे कसे येणार?

इथवर सगळे गमतीचे झाले. या शब्दाने आमच्या घरी जो घोर लावला तो आता सांगते.

आमच्या मामंजींचे वय चौऱ्याहत्तर. रक्तदाब जुना आणि गेली दोन वर्षे मूत्रपिंडाचे काम थोडे मंदावलेले. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले आणि घरात रोज जेवताना रुसवेफुगवे सुरू झाले. "ही आमटी आहे की औषध?" म्हणून ताट सरकवायचे. दिवाळीत पुण्याहून वन्सं आल्या त्या एक पाकीट घेऊनच. "बाबांसाठी आणलंय. मिठाला सब्स्टिट्यूट आहे. सोडियम कमी. आता हवं तेवढं घाल, चव तीच!" सासूबाईंना तर हायसे वाटले. मलाही वाटले, खोटे कशाला बोलू? लोणच्यापासून कोशिंबिरीपर्यंत तेच मीठ सुरू झाले. मामंजी खूष!

तीन आठवड्यांनी त्यांचे पाय गळल्यासारखे होऊ लागले. जिना चढताना थांबायचे, जिवाला बरे वाटत नाही म्हणायचे. आम्हाला वाटले, थंडीचा त्रास असेल. नेहमीच्या रक्ततपासणीची तारीख आलेलीच होती म्हणून बरे. संध्याकाळी डॉक्टरांचाच फोन आला. "आजोबांना ताबडतोब घेऊन या. पोटॅशियम वाढलंय." तिथे गेल्यावर त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "घरात मीठ कोणतं वापरता?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितले. ते कपाळाला हात लावायचे तेवढे राहिले. अशा मिठात सोडियम कमी करतात ते काढून जागा रिकामी ठेवत नाहीत. त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घालतात. धडधाकट माणसाला त्याने बहुधा अपाय होत नाही, उलट रक्तदाबाला फायदाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या माणसांनी नेहमीच्या मिठाऐवजी असे मीठ वापरावे अशी शिफारसही केली आहे. पण त्यातच म्हटले आहे की मूत्रपिंडाचे रुग्ण, गर्भवती आणि लहान मुले यांच्यासाठी ती शिफारस नाही. मूत्रपिंड मंदावले की जादाचे पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साठते आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर घाला घालते. त्यातून मामंजींची रक्तदाबाची गोळीही पोटॅशियम धरून ठेवणारी निघाली!

दोन रात्री त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. त्या दोन रात्रींत मी त्या पाकिटाची मागची बाजू किती वेळा वाचली असेल! 'पोटॅशियम क्लोराइड' हे शब्द तिथे होतेच. पुढच्या बाजूचा मोठा शब्द वाचून मी थांबले होते. वर्गात मुलांना 'कोण गेले, कोण आले ते बघा' म्हणून शिकवणारी मी, सोडियम गेले हे वाचले आणि आले कोण ते पाहिलेच नाही. वन्सं फोनवर रडल्या. त्यांना काय बोलणार? मायेनेच आणले होते. आता मामंजींना थोडे साधेच मीठ आणि चवीला लिंबू, आमसूल, जिरेपूड असे चालले आहे. ताट अजून सरकवतात, पण निम्मेच! आणि हो, 'मीठ नको तर सैंधव घाला' असे सांगणाऱ्या शेजारणी आमच्याकडेही आहेत. सैंधव हे मीठच आहे बायांनो, मुख्यतः तेच सोडियम क्लोराइड.

औषधाच्या दुकानातही "हे नाही, याला सब्स्टिट्यूट देऊ का?" असे विचारतात. तेव्हापासून मी घटकाचे नाव आणि मात्रा चिठ्ठीशी ताडून पाहते आणि डॉक्टरांना फोन केल्याशिवाय बदललेली पट्टी घरी आणत नाही. घटक तोच आणि नाव निराळे ही एक गोष्ट. घटकच निराळा ही दुसरी.

रजा संपायला महिना असताना नेहमीच्या बाई बाळाला घेऊन घरी आल्या. माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान. बाळ पाच महिन्यांचे, गुटगुटीत. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "ताई, शाळा सुरू झाली की याला डब्याचं दूध लावावं लागेल ना? सगळे म्हणतात, आतापासूनच सवय कर."

मी दुकानातला तो डबा एकदा निरखून पाहिला होता. कायद्यात त्याचे नावच 'इन्फंट मिल्क सब्स्टिट्यूट' असे आहे. त्यासाठी १९९२ साली खास कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला. त्याची जाहिरात करायला मनाई आहे, डब्यावर बाळाचे किंवा आईचे चित्र छापायला बंदी आहे आणि आईचे दूधच बाळाला सर्वोत्तम हे डब्यावर छापावे लागते. मीठ असो, गूळ असो, दुसऱ्या कुठल्या बदली वस्तूला आपल्याच अंगावर 'मूळची माझ्याहून चांगली' असे लिहून बाजारात उभे राहावे लागत असेल असे मला वाटत नाही.

मी त्यांना म्हटले, "अगं, तू रुजू होशील तेव्हा बाळ सहा महिन्यांचं होईल. तेव्हा तसंही वरचं अन्न सुरू करायचंच असतं. दुपारी मऊ भात, मुगाचं वरण, नाचणीचं सत्त्व भरवायला तुझ्या सासूबाई आहेत. सकाळी जाताना अंगावर पाज, आल्यावर पाज, रात्री तर तुझ्याजवळच आहे. मधल्या वेळचं दूध हाताने काढून स्वच्छ भांड्यात फ्रिजमध्ये ठेवता येतं, आणि वाटी-चमच्याने पाजता येतं." दोन वर्षांपर्यंत आणि त्याहूनही पुढे अंगावरचे दूध चालू ठेवावे असेच आरोग्य संघटना सांगते. एखादीला खरोखरच दूध पुरत नाही, एखादी आजारी असते, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने तो डबा बाळाचा जीव वाचवतो, हे मी जाणते. माझ्या जाऊबाईंना लावावा लागला होता आणि त्यांचा मुलगा आज माझ्याहून हातभर उंच आहे. पण गरज पडण्याआधीच सवय कशाला?

त्या ऐकत होत्या. मग बाळाला खांद्यावर घेत एकदम म्हणाल्या, "शाळेत तुम्ही माझ्या जागी, घरी डबा माझ्या जागी. मला वाटत होतं, माझी कुठेच जागा राहणार नाही."

यावर मी काय बोलणार? मी बशी पुढे केली. म्हटले, "चिवडा घे. आणि आठवी 'ब' तुझी आठवण काढते हे सांगायचंच राहिलं."

त्या रात्री मला माझ्या आईच्या वडिलांची आठवण आली. आजोबा लालबागच्या गिरणीत 'बदली' होते. पाळी सुरू व्हायच्या आधी फाटकाशी जाऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कुणी आला नाही तर आत बोलावणे, नाहीतर डबा तसाच घेऊन घरी परत. आजी सांगायची, ते आत गेले की नाही हे तिला दुपारपर्यंत कळायचे नाही, म्हणून ती संध्याकाळच्या भाकरीचे पीठ मळायला उशीर करायची. गंमत म्हणजे ज्या शब्दाने आजोबांना हाक मारत, तो 'बदली' शब्द सरकारने जसाच्या तसा इंग्रजी कायद्यात घेतला होता. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात पुढे 'बदली वर्कमन'ची व्याख्या घातली गेली: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. मात्र सलग एक वर्ष भरले की त्याला बदली मानायचे नाही. 'सब्स्टिट्यूट' हा अस्सल इंग्रजी शब्द हाताशी असून कायदेवाल्यांना आपलाच शब्द घ्यावा लागला!

आणि 'ऐवजी' घ्या. अरबीतल्या 'इवज'वरून आपल्याकडे आला. मूळ अर्थ मोबदला, बदल्यात दिलेली वस्तू. त्याच 'ऐवजा'चा अर्थ आपल्याकडे हळूहळू मौल्यवान वस्तू, दागदागिने असा झाला. चोरीची बातमी वाचा, 'सोन्याच्या बांगड्या व रोख रक्कम असा ऐवज लंपास.' मी हे आमच्या ह्यांना सांगितले तर पेपरातून डोके वर न काढता म्हणाले, "म्हणजे शाळेने तुला ऐवज म्हणून ठेवलंय. पगार मात्र ऐवजीचाच!"

शेवटच्या आठवड्यात मी चाचणी घेतली. एक प्रश्न असा होता: 'सब्स्टिट्यूट' आणि 'फॉर' वापरून स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहा. तेवीस मुलांची दिशा बरोबर आली, अकरांची अजून उलटीच. एका बहाद्दराने 'माझे वडील सब्स्टिट्यूट आहेत' असे लिहिले. विचारल्यावर कळले, त्यांची बदली नागपूरला झाली होती. बिचाऱ्याने मराठीतली दुसरी 'बदली' धरली होती. गॅरेजवाल्यांच्या मुलीने लिहिले होते की पाऊस पडला, बाजारात जाता आले नाही, म्हणून आईने भाजीऐवजी डाळ केली. इंग्रजी वाक्यात डाळ आधी, भाजी 'फॉर'च्या पुढे, अगदी हवे तसे. फक्त 'सब्स्टिट्यूट'च्या स्पेलिंगमधल्या तीन 'टी'पैकी एक गळला होता. अर्धा मार्क कापला.